पाच तारखेच्या अलीकडे-पलीकडे

१
घराचा हप्ता पाच तारखेला कापला जातो. पगार सातला होतो. १९३६च्या वेतन कायद्याने मालकाला सात तारखेपर्यंत सवड दिली होती, हजार किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर दहापर्यंत. बँकेने आपली तारीख आपणच ठरवली. त्यामुळे मागच्या महिन्यातलं काहीतरी खात्यात पडून असायलाच हवं. आमच्या घरी यालाच बचत म्हणतात.

२
वाणसामानाची यादी दोनदा लिहिली जाते. पहिली घराला काय लागतं त्याची, दुसरी दुकानात न्यायची. पहिलीत तूरडाळ तीन किलो. दुसरीत दोन, आणि तिच्याखाली मसूर एक. शेंगदाणे तसेच. साबुदाणा तसाच, चतुर्थीला कात्री लावायची कोणाची हिंमत नाही. काजूवर रेघ. खोबरं अर्ध्या किलोचं पाव. दोन्ही याद्यांतला फरक निघाला ३४० रुपये.
त्याच संध्याकाळी बँकेचा मेसेज आला. व्याजदर बदलल्यामुळे आपल्या कर्जाची मुदत सात महिन्यांनी वाढवण्यात आली आहे.

३
आमच्या वाण्याकडे क्यूआर कोड आहे, कार्डाचं मशीन आहे, आणि उधारीची लांबट लाल वहीही आहे. वहीत माणसांची नावं नाहीत. 'बी-७ वहिनी', 'रिटायर काका', 'टँकरवाला', 'शाळेतल्या मॅडम'. शेवटची मी. पैसे पोचले की पानावर तिरकी रेघ, खाली 'जमा'. व्याज लावत नाही. फक्त उधारीवाल्याने तांदूळ हातात घेऊन बघायचे नसतात. तो पोत्यातून देईल ते घ्यायचे.

४
वीस लाख, वीस वर्षं, नऊ टक्के. हप्ता येतो १७,९९५ रुपये. पहिल्या हप्त्यातले १५,००० व्याजाचे, २,९९५ मुद्दलाचे. निम्मं मुद्दल फिटतं ते दहाव्या वर्षी नाही, चौदाव्या वर्षी. हा तक्ता बँक मागितल्यावर देते. नवऱ्याने तो छापून आणला, एकदा वरपासून खालपर्यंत वाचला आणि लाइट बिलांच्या फाइलमध्ये सगळ्यात खाली ठेवला.

५
गृहकर्ज लोक आपणहून सांगतात. दवाखान्याचं कर्ज विचारलं तर सांगतात. लग्नाचं विचारलं तरी सांगत नाहीत.

६
मुलगा यूपीआयला 'फुकटचे पैसे' म्हणायचा. आता महिन्याचं स्टेटमेंट त्यालाच काढायला लावते.
त्या स्टेटमेंटमुळे नवऱ्याच्या कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवाल्याचं पूर्ण नाव मला कळलं. मधलं नावही. सकाळी दहा रुपये, दुपारी चारला तीस. दहाचा चहा. तीस म्हणजे चहा आणि वडापाव. डबा मी साडेसहाला भरते. पोळ्या चारच्या पाच केल्या. तीस तसेच. मी काही बोलले नाही. पुढच्या महिन्यात टपरीवाल्याचं नाव स्टेटमेंटमधून गायब, आणि एटीएममधून पाचशे काढल्याच्या दोन नोंदी जास्त.

७
वरच्या मजल्यावरच्या पोराने २०२१ साली घर घेतलं. तेव्हा दर सात टक्क्यांच्या आसपास होते, त्यामुळे त्याच्या वीस लाखांना हप्ता साडेपंधरा हजार. आमच्यापेक्षा शहाणा म्हणून सोसायटीत त्याचं नाव झालं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चारवरून साडेसहावर नेला. याचा दर साडेनऊवर गेला. तेव्हा हप्ता तोच ठेवला असता तर त्यातले जेमतेम तीनशे रुपये मुद्दलात गेले असते आणि वीस वर्षांची मुदत चाळीसच्या वर झाली असती. म्हणून बँकेने मुदतही वाढवली आणि हप्ताही.
ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. त्याला विचारलं. तो म्हणाला, "दोन्ही नको, असा पर्याय आहे का?"

८
पगारदार पतसंस्थेत कर्जाला दोन जामीनदार लागतात. ज्याची नोकरी जास्त शिल्लक, तो जामीनदार चांगला. आमच्या शाळेच्या ऑफिसात नवा क्लार्क लागला, त्याला पहिल्याच आठवड्यात तिघांनी वेगवेगळा नेऊन चहा पाजला. त्याला वाटलं, स्टाफ फार प्रेमळ आहे.
हप्ते थकले की सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि त्यात जामीनदारही येतो. म्हणून कर्जदार आजारी पडला की भेटायला आधी जामीनदार जातात. जाताना शहाळं नेतात. डॉक्टरांशी बायकोपेक्षा जास्त वेळ तेच बोलतात.

९
मुलीने सहलीचा फॉर्म आणला. कोणालाच काही न विचारता तिने तो कॅलेंडरच्या पाच तारखेच्या चौकोनाला टाचणीने लावून ठेवला.

१०
सासूबाईंच्या पाटल्या, माझा गोफ आणि एक अंगठी, असं एकत्र वजन करून बँकेत ठेवलं आहे. सासऱ्यांच्या आजारपणात. वजन करणारा सराफ बँकेने बोलावलेला. त्याने पाटल्या काळ्या दगडावर घासल्या, ॲसिडचा थेंब टाकला, पुसलं आणि कागदावर लिहिलं 'जुनी घडण, बावीस'. सासूबाई सगळा वेळ दगडाकडे बघत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "केवढं घासलं गं त्याने."
एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेला, तेव्हा बँकेतून आनंदाचा फोन आला. तारण वाढलं, आणखी कर्ज मिळेल. तेच सोनं, तीच पिशवी, तेच सील.
लग्नाला गेलो तर आमच्या रांगेतल्या पाचही जणी एक ग्रॅमच्या दागिन्यांत. चोऱ्या किती वाढल्यात, असा विषय निघाला. "आमचं सगळं बँकेत असतं," सासूबाई म्हणाल्या. बाकीच्या चौघीही हेच म्हणाल्या. लॉकरमध्ये की तारणात, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

११
आमच्या बिल्डिंगमधली भिशी बारा जणींची. दोन हजार दरमहा, चोवीस हजारांचा नंबर. जून महिन्यावर सगळ्यांचा डोळा, शाळेच्या फीमुळे. पहिला नंबर उचलणारीला ते कर्ज, शेवटचा घेणारीला ती बचत. दोघी सारखेच दोन हजार भरतात, आणि शेवटची मात्र वर्षभर पहिलीला 'तिला पैशाची घाई फार' म्हणते.
मावशी भांडी घासायला येतात, त्यांचा बचत गट वेगळा. तिथे मासिक दोन टक्के व्याज, पण ते व्याज गटातच राहतं आणि वर्षाअखेर वाटलं जातं. लाडक्या बहिणीचे १,५०० आले की मावशी थेट गटाच्या हप्त्यात देतात. २०२४च्या ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे मिळून ३,००० एकदम आले, तेव्हा त्यांनी पुढचा हप्ता आगाऊ भरला. आमच्या बिल्डिंगमध्ये हप्ता आगाऊ भरणारी दुसरी व्यक्ती माझ्या माहितीत नाही.
त्या मला म्हणाल्या, "ताई, तुमच्या बँकेत व्याज वाटत नाहीत का?"

१२
धाकट्या दिरांचं क्रेडिट कार्ड. थकबाकी ६०,०००. बिलावर ठळक अक्षरात किमान रक्कम ३,०००. ती ते न चुकता भरतात आणि न चुकता भरतो म्हणून सांगतात. साडेतीन टक्के महिना धरला तर व्याज २,१००, त्यावर अठरा टक्के जीएसटी ३७८. उरले ५२२, तेवढीच थकबाकी कमी होते. त्यात पेट्रोलही कार्डावरच, आणि जुनं थकलेलं असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत नसते. व्याज त्या दिवसापासूनच सुरू.
"भाऊजी, कार्ड कपाटात ठेवा," मी म्हटलं.
"वहिनी, ते कपाटातच असतं. नंबर पाठ आहे."

१३
मध्यंतरी दिरांचे ते न चुकणारे हप्ते तीनदा चुकले. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२२ पासूनचं फर्मान आहे. त्यांना आलेला सगळ्यात उशिराचा फोन सहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांचा. माणूस नियम पाळणारा होता.

१४
सुपे, जिल्हा पुणे, १२ मे १८७५. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. मागायचे काय, तर रोखे आणि वह्या. हाती लागले ते कागद जाळले. हे लोण पुण्याच्या आणि नगरच्या गावागावांत पसरलं. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. कागदावर काय लिहिलंय त्याच्या मागे जाऊन मुळात किती दिले, किती घेतले हे तपासायची मुभा त्याने कोर्टाला दिली.
दामदुपटीचा नियम त्याहून कितीतरी जुना. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही. वर मांडलेल्या वीस लाखांवर वीस वर्षांत व्याज जातं तेवीस लाखांच्या पुढे. पण दामदुपट एका वेळच्या थकलेल्या व्याजाला होती, महिन्या-महिन्याला चुकवलेल्याला नव्हे. हप्ता ज्याने शोधला तो हा नियम वाचून बसलेला असणार.
आमचा करारनामा बेचाळीस पानांचा आहे. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. सही करताना नवऱ्याने फक्त एक प्रश्न विचारला होता, "पेन तुमचं की आमचं?"

१५
लाइटबिलात शंभर युनिटपर्यंत एक दर, त्यापुढे साधारण दुप्पट. वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नाही. हे सासूबाईंना पटत नाही. महिनाअखेरीला त्या स्वयंपाकघरातला दिवा बंद करून पोळ्या लाटतात. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू असतो, मालिका दिसत नसली तरी ऐकू आली पाहिजे म्हणून.

१६
२०२०. मार्च ते ऑगस्ट हप्ते न भरण्याची सवलत. आम्ही घेतली नाही, कारण व्याज थांबणार नव्हतं. शेजारच्यांनी घेतली, कारण पगार थांबला होता. नंतर प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि सरकारने त्या सहा महिन्यांच्या व्याजावरचं व्याज परत द्यायचं ठरवलं, दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना, सवलत घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही. वीस लाखांवर हे सुमारे सतराशे रुपये होतात. नोव्हेंबरात, दिवाळीच्या तोंडावर, खात्यात जमा.
उटणं, साबण, चिवड्याचे पोहे आणि एक आकाशकंदील. शेजारच्यांनीही तसलाच आकाशकंदील आणला होता.

१७
नो-कॉस्ट ईएमआय. दुकानदार व्याजाएवढी सूट देतो, बँक तेवढं व्याज घेते, त्या व्याजावरचा जीएसटी आपण भरतो. रोख घेतलं तर ती सूट मिळते का, हे विचारून बघावं. मी विचारलं. सेल्समन आत गेला तो आलाच नाही.

१८
आहेराची वही. आमच्या लग्नातली. कोणी काय दिलं, सासऱ्यांच्या अक्षरात. 'स्टील डबा १', '५१ रु.', 'भिंतीवरचं घड्याळ (चौथं)'. ज्यांनी तेव्हा ५१ दिले, त्यांच्या मुलीचं लग्न परवा झालं. किती घालायचे यावर घरात अर्धा तास चर्चा. नवरा म्हणाला १०१. सासूबाई म्हणाल्या ५०१च्या खाली नाव लिहू नका. मी चतुर्थांश शतकाचं चक्रवाढ व्याज काढून दाखवलं. दहा टक्के धरले तरी साडेपाचशे होतात. सासूबाईंनी कॅल्क्युलेटरकडे ढुंकूनही न बघता जे सांगितलं होतं ते इतकं जवळपास होतं की मी गप्प बसले.
पाकीट एक रुपया चिकटवलेलंच आणावं लागतं. पाकिटाचे दहा रुपये वेगळे.

१९
बँका भिंतीवर लक्ष्मीचा फोटो लावतात. पतसंस्था संस्थापकांचा.

२०
देहू आमच्यापासून जवळ. तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं सांगतात. यातला एक भाग कीर्तनात घाईने उरकला जातो. खतांची आधी वाटणी झाली होती, आणि बुडवली ती तुकोबांनी स्वतःच्या वाट्याची. धाकट्या भावाने, कान्होबांनी, आपली अर्धी ठेवून घेतली.
घरी सासूबाईंनी तुकोबांची तसबीर लावली आहे. खर्चाच्या बाबतीत आपण सगळे कान्होबांकडचे.
तुकोबांच्या पत्नी जिजाईंना भांडखोर ठरवून लोक मोकळे झाले. त्यांच्या जागी बसून महिन्याची यादी करून बघावी.

२१
काटकसरीचे सल्ले देणाऱ्या व्हिडिओतली बाई सांगत होती की बाहेरची कॉफी सोडा, वर्षाला इतके वाचतात. आमच्याकडे सोडण्यासाठी आधी सुरू करावी लागेल.

२२
एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडर पन्नासने महागलं. त्याच वर्षी रेपो दर फेब्रुवारीपासून उतरत डिसेंबरपर्यंत साडेसहावरून सव्वापाचवर आला. पन्नास रुपये वाढल्याचं त्याच दिवशी कळलं. दर उतरल्याचं नवऱ्याला कळलं बँकेत स्वतः जाऊन विचारल्यावर. हप्ता तोच आहे, मुदत कमी झाली, असं काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. किती कमी झाली? तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. शेवटचा हप्ता त्याच्या निवृत्तीच्या अलीकडे आला होता, चार महिन्यांनी.
येताना अर्धा किलो जिलेबी. हे मी खर्चात 'बँक' या सदरात लिहिलं.

२३
दिवाळी बोनस. वर्षाला एक हप्ता जादा भरला तर वीस वर्षांच्या कर्जातली सुमारे साडेतीन वर्षं कमी होतात, सुरुवातीपासून भरला तर. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी भरल्याबद्दल दंड घेता येत नाही, २०१२ पासून. नवऱ्याचं मत, बोनस कर्जात. मुलाचं मत, फ्रिज. फ्रिजचं दार लागत नाही, त्याला स्टूल टेकवून ठेवतो. मुलीचं मत, आधी सहल. सासूबाई म्हणाल्या, माझ्या पाटल्या. त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.
पाटल्यांच्या कर्जाचं व्याज गृहकर्जापेक्षा जास्त आहे, त्यामुळे हिशेबानेही त्यांचंच बरोबर. बोनस तिकडे गेला. फ्रिजच्या दाराचं रबर बदललं, साडेसहाशे. स्टूल आता देवघरात.

२४
शाळेच्या ऑफिसातल्या त्या नव्या क्लार्कने पतसंस्थेत स्वतःच कर्जाचा अर्ज केला आहे. मोटरसायकल. चहा पाजणारे तिघेही रजेवर.

२५
तळमजल्यावरच्या काकांचं गृहकर्ज फिटलं. सोसायटीत पेढे. कर्ज फिटल्यापासून तीस दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची, नाहीतर बँकेने त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यायची, असा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. काकांनी तो आम्हाला पेढा खाता खाता समजावून सांगितला. सत्तावीस दिवस झाले होते.
सासूबाईंनी हिशेब केला. महिनाभर उशीर झाला तर दीड लाख.
"मग त्यांना सांगता येतं का," त्यांनी काकांना विचारलं, "सावकाश द्या म्हणून?"